धुळ्याला ऐकू जाणारी शेव

ट्रंक एक्सचेंजमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे किस्से साठणारच. पण त्यातले निम्मे सांगता येत नाहीत. लाइनवर कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून आम्ही ऑपरेटर जमलो की आमच्याच खाण्याचे किस्से सांगतो. त्यावर कुणाची बंदी नाही.

* * *

जळगावला माझ्या शेजारच्या बोर्डावर वसंतभाऊ बसायचे. तेव्हा डायल फिरवून परगावी फोन लागत नसे. कॉल बुक करायचा, आम्ही प्लग खोचून जोडून द्यायचो. मयताचे निरोप असोत, दवाखान्यातले असोत, भाऊंचा आवाज कधी हलला नाही. कॉल संपला की मात्र हात ड्रॉवरमध्ये जायचा. तिथे कॉलच्या तिकिटांखाली जाड शेवेचा पुडा.

भाऊंची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, "तीन महिने तोंड आवरा. नाहीतर रोज इंजेक्शन."

गावाला वाईट बातम्या जोडून देणारा हा माणूस सुईला इतका भ्यायचा, की कंपाउंडर समोरून आला तर रस्ता ओलांडायचा. ओळखीचा असला तरी!

* * *

धुळ्याच्या बोर्डावर अक्का होत्या. दहा वर्षं रोज बोलणं, पण आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. कामाचं बोलणं शुद्ध मराठीत. काम संपलं की खानदेशीत.

"भाऊ, काय खाई ऱ्हायना?"

"काही नही, अक्का. पानी पी ऱ्हायनू."

"पानी कधीपासून कुरकुर कराले लागनं? जाड शेव शे. लसूनवाली."

भाऊंनी घास तसाच तोंडात धरून ठेवला. पुढचे दोन कॉल त्यांनी गालात शेव घेऊन जोडले.

* * *

अक्कांनी लाइनवरच पथ्य सांगितलं. ज्वारीच्या लाह्या, चमचाभर तेलात हिंग-हळद, वरून भाजलेल्या जवसाची पूड. फुटाणे सालासकट. भोपळ्याच्या बिया फेकायच्या नाहीत. वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजायच्या. भाऊंनी ते कॉलच्या तिकिटाच्या पाठीवर उतरवून घेतलं. भाऊंच्या बायकोनं, विमलवहिनींनी, दुसऱ्याच दिवशी डबा भरून दिला.

आठवडाभरानं अक्का म्हणाल्या, "भाऊ, डब्यात वर लाह्या शेत आणि खाली शेव."

मी उठून डबा पाहिला. खरंच.

* * *

ही बाई आवाजावरून एवढं ओळखते, यावर माझा विश्वास बसेना. एकदा भाऊ चहाला गेले तेव्हा मी त्यांचा हेडसेट कानाला लावला आणि फुटाणे चावत बसलो. एक शब्द बोललो नाही.

पलीकडून शुद्ध मराठीत आलं, "हे भाऊ नव्हेत. तुम्ही डाव्याच बाजूनं चावताय. उजवी दाढ दाखवून घ्या."

दाढ किडलेली निघाली. ज्यांना खोटं वाटतं त्यांना मी रिकामी जागा दाखवतो.

* * *

एका दुपारी धुळ्याहून जळगावातल्या मेहरूणला कॉल होता. एका बापाला त्याच्या पोरीबद्दल. काय ते इथेही सांगणार नाही. कॉल संपला आणि भाऊंचा हात ड्रॉवरकडे गेला. मी नेहमीप्रमाणे माझा प्लग हळूच त्यांच्या लाइनवर खोचून ठेवला होता, वाईट खोड.

"तुले भूक नही लागेल, भाऊ," अक्का म्हणाल्या. "आधी बोल. मंग खाय."

भाऊंनी ड्रॉवर परत लोटला. मग म्हणाले, "तो माणूस 'बरं' म्हणाला, अक्का. नुसतं 'बरं.'"

"मीबी ऐकेल शे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाऊंना हे वहिनींशी बोलता येत नव्हतं, माझ्याशी येत नव्हतं. ज्यानं तोच कॉल दुसऱ्या टोकाला ऐकला, त्याच्याशीच येत होतं. पुढे तशी रीतच पडली. जड कॉल झाला की दोघं अर्धा मिनिट बोलायची. मग भाऊ मूठभर लाह्या खायचे. कधी विसरायचेही.

* * *

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. सुई टळली. भाऊंनी आधी वहिनींना सांगितलं की अक्कांना, यावर त्यांच्या घरात अजून वाद आहे.

मी एकदा मुद्दाम विचारलं, "अक्का, तुम्ही नाही का काही खात?"

"माले कुरकुरना आवाज आवडत नही," त्या म्हणाल्या.

* * *

मग डायल फिरवला की थेट पुणं-मुंबई लागायला लागलं. आमचे बोर्ड बंद व्हायची तारीख आली. शेवटच्या दिवशी कॉल जवळजवळ नव्हतेच. भाऊ डबा पुढ्यात ठेवून बसले होते.

चारच्या सुमारास बोर्डावर धुळ्याचा दिवा लागला. भाऊंनी प्लग खोचला, मीही खोचला.

"हॅलो, जळगाव."

पलीकडून शब्द नाही. नुसतं कुरुम, कुरुम.

भाऊ ऐकत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "अक्का, जाड शेव शे."

कुरकुर थांबली.

"आधी बोल," भाऊ म्हणाले. "मंग खाय."

मी माझा प्लग काढून ठेवला.