न्हाणीपुढची मेंदी

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मी फौजेतून पेन्शनीवर कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी आलो. आल्या आल्या धाकट्या भावानं वाटणी मागितली. दिली. त्याचा सोपा आणि आमची न्हाणी समोरासमोर आली. न्हाणी कसली, एक दगड आणि भोवती पोती. सोप्यावर दिवसभर पत्त्यांचा डाव. बायको म्हणाली, "आवं, मधी भिंत घाला."

"भावाभावात भिंत घालत न्हाईत. मेंदी लावतो."

फौजेत साहेबाच्या बंगल्यावर मी मेंदी राखली होती. मलकापुरातनं काड्या आणून लावल्या. उन्हाळाभर पाणी तिनं घातलं, भांड्यांचं, तोंड धुतल्याचं. पुढच्या पावसात मेंदी कमरेला आली. रोज शेजारी उभी राहून ती उंची बघायची. "दिवाळीला खांद्याला लागंल."

मला दिसत होतं, शेंड्याला पाला आणि बुडाशी नुसत्या काटक्या. नवी मेंदी एकदा खाली तोडावीच लागते, तरच बुडातनं फुटवा धरते. कात्री घेतली आणि वीतभर ठेवून सगळी कापली. तिला विचारलं नाही. बायकोला विचारून कामं करायची आमच्यात रीत नव्हती. ती धुणं घेऊन आली आणि बघून तिथंच खाली बसली.

सोप्यावरनं धाकटा ओरडला, "दादा, मेंदी लावली का तोडलेल्या उसाचा खोडवा धरला? कारखान्याला नोंद करा की!"

पत्त्यातला एकजण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तशीच. आमची कायबी अडचण न्हाई." सगळे खदखदले.

मी तिला म्हणालो, "रडतीस काय? पोती हायती की."

"पोत्यांना भोकं हायती."

"मग अंधारात कर आंघोळ."

तेव्हापासून ती कोंबड्याच्या आधी उठू लागली, थंडीतसुद्धा. मेंदी गुडघ्याला आली, मी कापली. मांडीला आली, परत कापली. तिनं पाणी घालायचं सोडलं. मी घातलं.

शेवटी मेंदी डोक्यावर गेली, बुडापासून अशी दाट की कोंबडीचं पिल्लू पलीकडं जाईना. सोप्यावरनं आमचं काहीच दिसेना. मी तिला बोलावलं. "बघ. आता भर दुपारी कर आंघोळ."

तिनं मेंदीकडं बघितलंच नाही. "कात्री तुमच्याच हातात हाय. उद्या परत मनात आलं तर?"

आता नुसते शेंडे मारायचे, बुडाचं काम संपलं, हे मी चारदा समजावलं. गावात तसली मेंदी दुसऱ्या कुणाची नव्हती. मी बरोबरच कापली होती, पण ते तिला आजवर कबूल नाही. म्हातारी झाली, तरी आंघोळ अजून उजाडायच्या आतच. हट्टी बाई.