मार काकाला, आजार आईला

काकाच्या डोक्याला अकरा टाके पडले. तीन महिन्यांत तो पुन्हा गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळींना पाणी सोडू लागला. पायवाटेच्या भांडणातून शेजाऱ्याने त्याच्यावर कोयता चालवला, तेव्हा माझी आई दहा पावलांवर भेंडी तोडत होती. तिला खरचटलंही नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

आधी तिने वाडीत जाणं सोडलं. मग कुणी केळीचा घड कापायला लागलं की घरात जाऊन कान दाबून बसायला लागली. भेटायला येणारे काकाची चौकशी करायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे आणि जायचे.

वसईच्या कोर्टात तिची साक्ष होती. समन्स आलं की तिचं जेवण सुटायचं. मी रजा काढून तिला रिक्षाने न्यायचे. दिवसभर बाकावर बसायचं, समोर तो शेजारी आणि त्याची बायको. संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत. असं दोन वर्षं चाललं. एकदा मीच वैतागले.

"काका सावरला, आई. तुला काय होतंय?"

"तेच कळत नाही गं," ती म्हणाली. "मार भावजींना बसला. मला काय धाड भरलीय?"

पाण्याच्या बाटलीचं झाकणही तिला उघडता येत नव्हतं.

"मी वेडी नाही," असं बजावूनच ती मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आली. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

ती म्हणाली, "काही नाही. ओरडलेसुद्धा नाही. टोपली धरून उभी राहिले."

हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काकाला सांगितलं, तसा तो त्याच संध्याकाळी आला आणि तिच्यासमोर बसला.

"वहिनी, मला तर तेव्हाचं काहीच आठवत नाही."

"मला सगळं आठवतं," आई म्हणाली.



साक्ष झाली, निकाल अजून नाही. गोळ्यांनी तिला झोप लागते, पण वाडीत ती जात नाही. दर महिन्याला मी तिला डॉक्टरांकडे नेते. रजेच्या अर्जात कारण लिहिते, घरगुती काम.