सकाळचे साहेब आणि दुपारचे साहेब

बसा, चहा घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसण्यासारखं थोडंच आहे. माणूस तोंडानं स्वतःचं नुकसान करून घेतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मी अख्ख्या गल्लीचं केलं. तेसुद्धा तयारी करून, पाठ करून, आरशासमोर उभं राहून.

मी बेळगावातल्या वडगावचा विणकर. घरातच दोन यंत्रमाग आहेत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. आमच्या गल्लीच्या पाठीमागनं नाला जातो. म्हणजे उन्हाळ्यात पाठीमागनं जातो. पावसाळ्यात तो गल्लीतनंच जातो. मोटरी वर उचलून ठेवायच्या, ताण्यावरचं सूत छताला बांधायचं, आणि खाटेवर पाय घेऊन नाल्याकडं बघत बसायचं. गौरी-गणपतीसाठी साड्यांची मागणी येते, नेमकी तेव्हाच ही बसायची पाळी.

माझं एक वेळ सोडा. शेजारच्या शांताक्कांचा हातमाग आहे. खड्ड्यात पाय सोडून विणायचा. गेल्या साली त्या खड्ड्यात एवढं पाणी साठलं की म्हातारी काठावर बसून म्हणाली, "परशराम, ह्यो माग हाय का हीर रं?" विनोद केला असं वाटून मी हसलो. बघतो तर ती रडत होती.

नाल्याला गल्लीच्या बाजूनं एक भिंत बांधा, एवढीच आमची मागणी. जुनी मागणी आहे. माझ्या लग्नात वऱ्हाडी मंडळी हाच विषय बोलत होती.

आता आपल्याकडं हिवाळ्यात अधिवेशन येतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कर्नाटकाचं सगळं सरकार बेळगावात उतरतं. त्याच्या आधी साहेब लोक आसपास हिंडतात. तर एक दिवस बाळाप्पा आण्णांनी गल्लीतल्या सगळ्यांना मारुतीच्या कट्ट्यावर बोलावलं. आण्णा आमच्या गल्लीतले वडीलधारे. बारा ठिकाणी अर्ज देऊन देऊन त्यांची चप्पल झिजली, पण उमेद झिजली नव्हती. ती पुढं मी झिजवली.

आण्णा म्हणाले, "उद्या दोघंबी येणार हाईत. सकाळी विरोधी पक्षाचं साहेब, दुपारी मंत्री. दोघास्नी येगळं बोलायचं. विरोधी आलं की रडायचं, वरडायचं, सरकारची लाज काढायची. म्हंजे ते अधिवेशनात उभं राहून मंत्र्याला जाब इचारतील. मंत्री आलं की हात जोडायचं, गोड बोलायचं, आणि हळूच भिंत मागायची. म्हंजे ते मंजूर करतील. इकडनं ढकलायचं, तिकडनं वढायचं. कळलं?"

कळलं. एवढं तर कुणालाही कळलं असतं.

"बोलायचं कुणी?" शांताक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कन्नड गल्लीत सगळ्यांनाच येतं, पण माईकसमोर फक्त मलाच येतं असा लोकांचा समज होता. गणपतीत आभार मीच मानतो ना. मीही नको नको म्हणत लगेच हो म्हणालो.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी दोन भाषणं तयार केली. एक तिखट, एक गोड. बायको, लता, भांडी घासत ऐकत होती. म्हणाली, "तिखट चांगलं जमतंय. गोड बोलताना तुमचा आवाज दुखणेकऱ्यासारखा येतोय." मी गोडाची आणखी तालीम केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायला वेळ होता, म्हणून मी माग चालू केले. दोन माग एकदम चालू असले की घरात तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. मध्येच आण्णा दारात आले, हातवारे करून काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली. ते गेले. मला वाटलं, तयार राहा म्हणून सांगून गेले.

ते काय सांगून गेले होते ते मला दुपारनंतर कळलं. मंत्र्यांना सांबऱ्याहून विमान पकडायचं होतं, म्हणून तेच आधी येणार होते. विरोधी साहेब नंतर.

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, चेहरा बघून कळत नाही का? तिथंच तर घोटाळा आहे. ऐका. मागच्या सरकारात मिशीवाले साहेब मंत्री होते. तेव्हा चष्मेवाले साहेब विरोधात होते. चष्मेवाल्यांनी तर एकदा आमच्या नाल्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, पँट वर करून, दिवसभर आंदोलन केलं होतं. आम्हीच त्यांना चहा नेऊन दिला होता. आता सरकार बदललं हे मला ठाऊक होतं. मत मीच दिलं होतं. पण मिशीवाल्यांना लोक अजूनही 'मंत्रीसाहेब' म्हणूनच हाक मारतात, आणि चष्मेवाले म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ती नाल्यातली खुर्ची येते. ही माणसं मंत्री झाल्यावर खुर्ची नाल्यातनं उचलून घेतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

तर सकाळी चष्मेवाले साहेब आले. पाच-सहा गाड्या, पोलीस, अधिकारी. मी मनात म्हटलं, विरोधी असूनही केवढा थाट आहे बघा. आणि पुढं होऊन तिखट भाषण सुरू केलं.

"साहेब, तुम्ही तरी आलात. तो मंत्री बघा, ह्या गल्लीचं तोंडसुद्धा बघितलं नाही त्यानं. गाडीतनं खाली उतरला तर त्याचे पाय झिजतील."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण मंत्री?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"त्याचं नाव घ्यायचीसुद्धा आमची इच्छा नाही, साहेब."

पाठीमागनं आण्णांनी माझा शर्ट ओढला. मला वाटलं, आवाज वाढव म्हणतायत. मी वाढवला.

"मतं मागताना हात जोडतो, आणि निवडून आला की काच वर करतो. आमच्या म्हाताऱ्या बायका पाण्यात पाय घालून विणतायत, आणि हा बेंगळुरात गादीवर झोपलाय."

आण्णा आता माझ्या पायावर पाय देऊन उभे होते. एक अधिकारी मला बाजूला घ्यायला पुढं आला, तर साहेबांनीच त्याला थांबवलं. "बोलू द्या त्यांना. मी त्या मंत्र्याला काय विचारू, सांगा."

"लाज वाटते का, म्हणून विचारा."

गल्ली अशी गप्प झाली की नाल्याचं पाणी वाहताना ऐकू आलं. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं लोक भारावून गेले. साहेबांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, "माडोण." माडोण म्हणजे करूया. काय करूया आणि कधी करूया, ते त्या शब्दात नसतं.

साहेब नाला बघायला टोकापर्यंत गेले. आण्णांना त्यांच्याबरोबर जावंच लागलं. जाताना त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी कौतुक समजलो.

आण्णा परतायच्या आतच, दुपार होता होता दुसऱ्या बाजूनं मिशीवाले साहेब आले. त्यांच्याबरोबर टीव्हीवाले होते. मी लगेच हात जोडले, आवाज खाली आणला.

त्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरायला लावला. "सांगा, घरात पाणी शिरतं का?"

"शिरतं साहेब. पण निघूनबी जातं."

साहेब जरा थबकले. "नुकसान होत असेल ना?"

"थोडंफार होतं. तुमच्या कृपेनं भागतं."

"सरकारनं तुमच्यासाठी काय केलं, ते सांगा. घाबरू नका."

"सरकारनं लई केलं, साहेब. असं सरकार नशिबानं मिळतं."

मिशी थरथरली. त्यांनी टीव्हीवाल्यांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. "मग तुम्हाला काहीच अडचण नाही?"

आता हळूच भिंत मागायची वेळ होती. मी म्हणालो, "अडचण अशी काही नाही. तुमच्या मनात आलं तर एक भिंत बांधून द्या. नाही आलं तरी आमचा राग नाही."

शांताक्का दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आतनं लता खोकली. परत खोकली. मला वाटलं, आवाज दुखणेकऱ्यासारखा येतोय म्हणून खुणावतेय. मी आणखी गोड हसलो. साहेब गाडीत बसले. त्यांच्याकडनं तर 'माडोण'सुद्धा आलं नाही.

मी घाम पुसत आत गेलो. "कसं झालं?"

लतानं पाण्याचा तांब्या दिला. "बसा आधी."

"का?"

"आत्ता गेलं ते विरोधी साहेब हुतं."

"मग सकाळचे?"

"ते मंत्री."

मी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायची इच्छाच राहिली नाही. आण्णा आले, उंबऱ्यावर बसले, आणि बराच वेळ आपल्या चपलेकडं बघत राहिले. ते शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत माझे दोन व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आले. एकात मी मंत्र्याला तोंडावर लाज वाटते का विचारतोय. दुसऱ्यात त्याच शर्टात असं सरकार नशिबानं मिळतं म्हणतोय. मच्छे गावच्या कारखान्यात काम करणाऱ्या मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, "दाजी, दोन्हीकडनं किती किती मिळालं?" काही मिळालं नाही म्हटलं, तर त्याला खरं वाटलं नाही.

तरीही आण्णांची थोडी आशा शिल्लक होती. "कसं का असंना, इषय तर वर गेला," म्हणाले. अधिवेशन सुरू झालं, आणि खरोखर एक दिवस आमचा विषय निघाला. सगळी गल्ली आण्णांच्या घरात टीव्हीपुढं बसली. माग बंद ठेवून बसली. शांताक्कानं देवापुढं दिवा लावला होता.

मिशीवाले साहेब उठले. हातात मोबाईल घेऊन म्हणाले, "वडगावचा एक गरीब विणकर मंत्र्यांना लाज वाटते का विचारतो. मंत्र्यांनी उत्तर द्यावं."

घरात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच जरा चांगल्या नजरेनं बघितलं. मी ताठ बसलो.

चष्मेवाले मंत्री उठले. "तोच विणकर त्याच दिवशी सन्माननीय सदस्यांना काय म्हणाला, तेही त्यांनी सांगावं. असं सरकार नशिबानं मिळतं, म्हणाला."

सभागृहात हशा झाला. मिशीवाले चिडले. "तो तुमचाच माणूस आहे. तुम्हीच त्याला शिकवून उभा केलात."

"माझा असता तर मला शिव्या कशाला दिल्या असत्या? तो तुमचाच आहे."

"आमचा असता तर आमच्यासमोर तुमची आरती कशाला ओवाळली असती?"

मग दोन्हीकडचे उठले. मी कुणाचा माणूस, यावर बाचाबाची झाली. एकजण म्हणाला, त्या विणकराची चौकशी करा. दुसरा म्हणाला, त्याच्यामागं कोण आहे ते शोधा. माझ्यामागं तेव्हा शांताक्का बसली होती. शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि पुढचा विषय घेतला.

आण्णांनी टीव्ही बंद केला. "परशा, तुझं समदं निघालं. नाल्याचं नावबी न्हाय निघालं."

 एकेक जण चप्पल घालून गेला. शांताक्का जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे रं. पाण्याची सवय झालीया आता." तिनं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं, आता बाहेरच्या माणसासमोर तोंड म्हणून उघडायचं नाही. सरकारचा असो, विरोधातला असो, टीव्हीचा असो. आपण बरं, आपला माग बरा.

पुढं अधिवेशन उरकलं, गाड्या गेल्या. एक दिवस सकाळी साध्या शर्टातला एक माणूस स्कूटरवरनं आला. खांद्याला पिशवी. उतरला, भिंतीवरची पाण्याची खूण बघितली, वाकून नाल्यात डोकावला. मग माझ्या दारात येऊन साध्या मराठीत म्हणाला, "नमस्कार. घरात पाणी शिरतं का हो तुमच्या?"

त्याच्या पाठीमागं गाडी नाही, पोलीस नाही, माईक नाही. मी मनात म्हटलं, ही नवीन युक्ती दिसतेय. आता कुणाच्या बापाला सापडणार नाही.

"आमचं काही म्हणणं नाही," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे पावसाळ्यात काही त्रास?"

"आमची कुणाबद्दल तक्रार नाही."

"भिंत वगैरे हवी आहे का?"

"आहे ते बरं आहे."

त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं बघा. आमच्या महापालिकेकडं नाल्याच्या भिंतीचं काम आलंय, पण सगळ्या गल्ल्यांना पुरणार नाही. कुणाला वगळावं, याचीच मला काळजी होती." हात जोडून तो स्कूटरकडं निघाला.

 मी धावत त्याच्यामागं गेलो. "अहो साहेब, थांबा. शिरतं, पाणी शिरतं. गुडघाभर शिरतं."

त्यानं हेल्मेट घालता घालता माझ्याकडं निरखून बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू आलं.

"अरे, तुम्ही ते व्हिडिओतले होय," तो म्हणाला, आणि किक मारून पलीकडच्या गल्लीत गेला.