अमेरिकी भुंगेऱ्याच्या मुळशीकर चुलत्याचा शोध

माझी कन्या मीरा उत्तर अमेरिकेच्या एका रुक्ष कोपऱ्यात, चौकड्यांचा अंगरखा ल्यालेल्या एका भुंगेऱ्याचा अभ्यास करते. हा जीव इतका अप्रसिद्ध, की त्याच्या जाणकारांचे जागतिक संमेलन एका रिक्षात आटोपेल. आमचे दूरध्वनी-संभाषण अलीकडे “जेवलात का, बाबा?” येथेच समाप्त होते. भुंगेऱ्याविषयी मी पामर काय बोलणार? त्याच्या दर्शनास जाणे व्हिसाच्या कृपेवाचून अशक्य. सबब त्याच्या कुळातील एखादा देशी चुलता गाठून त्याचे छायाचित्र मीरेस धाडावे, असा संकल्प सोडला. ही मंडळी ताज्या तोडलेल्या लाकडावर इतर किड्यांची मृगया करतात, एवढे ज्ञान संपादून रविवारी पुण्यातील बावधनहून मुळशीकडे प्रस्थान ठेवले.

जायचे होते रिहे गावी; त्याचे वळण पौडच्या आधीच लागते. तरीही प्रथम पौड गाठले, कारण रिक्त उदरी कीटकशास्त्र साधत नाही. बसस्थानकाजवळची मिसळ जहाल आणि स्वस्त. लवकर निघा; पिरंगुटची वाहनकोंडी योगाभ्यासाची परीक्षा घेते.

रिह्यात रस्त्यालगत आंब्याचे ताजे ओंडके रचलेले दिसले. गुडघे टेकून भिंग काढतो, तोच शेताचे मालक सोपानराव अवतीर्ण झाले.

“जागा बगाय आलाय व्हय? रस्ता हाय, पानी हाय, लाइट हाय.”

“भुंगेरा पाहतोय.”

“बगा निवांत. पर सकाळीच एक पार्टी येऊन गेलीया.”

त्यांच्या पत्नी सुमनताई चहा घेऊन आल्या. त्यांना मीरेची हकीकत सांगितली.

“मंग लेकीला हितंच बोलवा की,” त्या म्हणाल्या. “हितं किडं काय कमी हायेत?”

माझे समस्त पांडित्य चहाबरोबर गिळले गेले.

दुपारी एक तपकिरी, ठिपकेदार महाशय ओंडक्यावर प्रकटले. छायाचित्र टिपले आणि विजयी मुद्रेने घरी परतलो.

पाठविताच फोन आला.

“बाबा, हा तो नाहीच! मिशा बघा ना केवढ्या लांब! हा लाकूड पोखरणारा. आमचे भुंगेरे याच्या अळ्या खातात!”

म्हणजे शिकाऱ्याच्या शोधार्थ जाऊन मी भक्ष्याचे छायाचित्र काढून आलो होतो. मीरा खळखळून हसली. मग मिशा, पाय, पंख यांचे साद्यंत निरूपण झाले. मग तिची मैत्रीण खोली सोडून गेल्याचे कळले. एकटीपुरता केला तरी वरणभात उरतोच, हेही.

“आमच्याकडे ते वसंतात फुलांवर येतात,” ती म्हणाली.

ते ‘आमच्याकडे’ मुळशीहून फार दूर आहे. अधूनमधून एखादी अशास्त्रीय शंका तेवढी काढीत राहिलो. शंका संपल्या असत्या, तर तिने फोन ठेवला असता.