शालीची चुंबळ

आमच्या समोरच्या साहेबांइतकं आपल्या माणसांवर प्रेम करणारा गृहस्थ अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तेही इतकं व्यवस्थित अंतर राखून. मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं माझ्याकडे आलात, तेव्हा तुमचं नाव विचारायच्या आधी ज्यांनी तुम्हाला "मी ऊसतोड मजुराचा मुलगा आहे" असं सांगितलं, तेच हे साहेब. पाटबंधारे खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि ढोकीला आमच्या कॉलनीत बंगला बांधून राहिले. ते वाक्य ते दूधवाल्याला सांगायचे, एसटीच्या कंडक्टरला सांगायचे. एकदा दातांच्या डॉक्टरांनी तोंडात चिमटा घातलेला असताना सांगायला गेले आणि जिभेला लागून घेतलं. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक कोयता टांगलेला असायचा, त्यावर छोटा पिवळा दिवा. पाहुणा आला की आधी तो दिवा लागतो, मग चहा येतो.

साहेबांचं वाक्य खोटं मात्र नाही. आईबाप ऊस तोडायचे. थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्कांनी, चौथीत शाळा सोडून कोयता धरला, तेव्हा कुठे हे शिकले. आक्का मागच्या वर्षापर्यंत दर हंगामात भूमकडच्या गावाहून ऊसतोडीच्या टोळीबरोबर यायच्या, आणि कॉलनीमागच्या माळावर टोळीच्या कोप्या पडायच्या. कोपी म्हणजे बांबूच्या चटयांची, वाकून आत शिरायची झोपडी.

या टोळीसाठी साहेबांनी नळ घेऊन दिला आहे. नळ फाटकाबाहेर आहे. आमच्या माणसांना संकोच वाटू नये म्हणून, असं ते म्हणतात. फाटकाच्या आत मोठा कुत्रा आहे; तोही बहुधा त्याचसाठी. आक्काही त्याच नळावर घागर भरायच्या आणि चारचौघांत भावाला "सायेब" म्हणायच्या. दर वर्षी साहेब म्हणत, "आत ये की आक्का." दर वर्षी आक्का म्हणत, "पायाला चिखल हाय, सायेब." दोघांची सोय होई आणि सोहळा दोन मिनिटांत आटपे. एवढ्यात हसू नका. माझ्या फाटकाबाहेर तर नळच नाही.

मागच्या हंगामात साहेबांनी आक्कांचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. भाषण मला तपासायला दिलं. तीन पानांत आक्का चार वेळा आल्या होत्या आणि "मी" एकेचाळीस वेळा. जन्मभर कॉलेजात पेपर तपासलेली बाई मी, मोजल्याशिवाय राहवत नाही. मांडव बंगल्यासमोर, शाल खास सोलापूरहून, वेळ सकाळी अकराची. सगळ्याचा विचार झाला होता, एवढंच सोडून की त्या वेळी टोळी उसाच्या फडात गाडी भरत असते, आणि भरती गाडी कोणासाठी थांबत नाही. हे ढोकीतलं शेंबडं पोरही सांगेल. ऊसतोड मजुराचा मुलगा नेमका विसरला.

बारा वाजले. पाहुणे खुर्च्यांत चुळबुळू लागले. निरोप गेला तसा उलट निरोप आला, की दोन बाया तापानं पडल्यात, गाडी अर्धीच भरलीय, शाल ठेवून द्या. साहेबांचा चेहरा असा उतरला की मला हसायचं सुचेना. इतकी वर्षं जे वाक्य त्यांनी जगाला सांगितलं, त्याला साक्षीदार एकच होता, आणि त्यानेच येत नाही म्हणून कळवलं होतं. मी म्हटलं, मग आपणच जाऊ या.

साहेब कोटात, हातात शाल, मागे आम्ही दहा-बारा जण, अशी वरात फडात पोचली. आक्का ट्रॉलीत उसाची मोळी टाकून फळीवरून उतरत होत्या. साहेबांनी खिशातून भाषण काढलं. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"ते मागनं वाच. मोळी उचलाया येती का अजून, का इसरलास?"

"सायेब" कधी गळून पडलं ते मला कळलंही नाही. तेवढ्यात आक्कांनी शाल ओढून घेतली, पिळून गोल केली आणि ओझ्याखाली घेतात तशी तिची चुंबळ भावाच्या डोक्यावर ठेवली. टोळीतल्या दोघांनी वर मोळी चढवली. साहेब फळी चढू लागले. निम्म्यावर थांबून त्यांनी खाली पाहिलं, तसा मागच्या एका पाहुण्याने फोटोसाठी फोन वर केला.

"दगड्या, खाली बघू नगंस," आधीच वर ट्रॉलीत चढलेल्या आक्का भावाला लहानपणच्या नावाने म्हणाल्या. "माझ्याकडं बघ."

मोळी ट्रॉलीत पडली. साहेब वरच उसावर बसून राहिले. ते रडत होते की घामाने डबडबले होते हे मी सांगू शकत नाही, माझाच चष्मा पुसायला झाला होता. त्यांनी एकूण तीन मोळ्या नेल्या आणि आठ दिवस त्यांची मान आखडलेली होती.

त्याच संध्याकाळी आक्का चिखलाच्या पायांनी फाटकातून आत गेल्या. कुत्रा भुंकला. साहेबांनी कुत्रा बांधला. इतकं सोपं होतं ते. पेटीतला कोयता बघून आक्का म्हणाल्या, गंज खातोय की, काढ. आणि धार लावायला घेऊन गेल्या. शालही परत दिली नाही. लई मऊ हाय म्हणाल्या, आणि हंगामभर तिचीच चुंबळ केली.

यंदा टोळी आली, आक्का आल्या नाहीत. गुडघे गेले म्हणे. पाहुणा आला की पिवळा दिवा अजून लागतो, रिकाम्या पेटीवर. पण ते वाक्य साहेबांच्या तोंडून निम्मंच बाहेर येतं. सकाळी ते उघड्या फाटकात खुर्ची टाकून बसतात. काल टोळीतली एक तरुण बाई नळावर आली. साहेब म्हणाले, आत ये की बाई. ती म्हणाली, पायाला चिखल हाय, सायेब.

 साहेब उठले, तिची भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या डोक्यावर देता देता म्हणाले,

"चुंबळ नीट बसव."