मधलं मॉडेल

"जुनी मस्टँग घ्यावी म्हणतोय," असं नवरा म्हणाला तेव्हा मी भाजी निवडत होते. आधी मला वाटलं, हा फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलतोय. जर्मनीतल्या आखनच्या थंडीत रोज सायकलने ऑफिसला जाणारा, दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासून पोट भरणारा हा इंजिनियर. स्वतःसाठी कधी बरा शर्टही मागितला नाही त्यानं. आणि शेवटी मागितलं काय, तर दोन दारांची अमेरिकन स्पोर्ट्स कार! मी आ वासून बघतच राहिले.

धक्का ओसरल्यावर मी माझ्या स्वभावाला धरून चौकशीला लागले. त्या गाडीतही आपल्याकडच्यासारखं बेस, मिडल, टॉप असतं. बेसला सहा सिलिंडर आणि कापडी सीट. मधल्याला इंजिन तेच, पण सीट लेदरच्या आणि स्पीकर चांगले. टॉपला आठ सिलिंडर, मागे दोन सायलेन्सर आणि अंगावर मिरवायला 'जीटी' ही दोन अक्षरं.

"आठ सिलिंडर कशाला? आपल्याला काय तोफ ओढायचीय?" मी म्हटलं. "मधली बघ. शहाण्या माणसाचं मॉडेल आहे ते."

तो नुसता हसला.

तशी एक मधली गाडी जवळच, आयफेलच्या डोंगरातल्या खेड्यात सापडली. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या जर्मन आजी. गाडी त्यांच्या नवऱ्याची होती आणि तो आदल्या वर्षी वारला होता. आजी महिनाअखेरीला वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या, त्याआधी गॅरेज रिकामं व्हायला हवं होतं. गाडी अगदी लख्ख होती. अमेरिकेतले लाल इंडिकेटर इथल्या नियमाप्रमाणे पिवळे करून घेतलेले. नवऱ्यानं खाली वाकून पाहिलं, चालवून पाहिलं आणि "छान आहे" म्हणाला. मुलगी पसंत नसली की पोह्यांची तारीफ करणारा मुलगा असतो ना, तसलं ते छान होतं.

निघताना दारात किंचित वाकून तो म्हणाला, "आल्झो, वीर कोमन."

"जामस्टाग?" आजींनी शनिवारचं विचारलं.

"या, या," हा म्हणाला, म्हणजे हो, हो. त्यात मलाही काही खटकलं नाही.

त्या शनिवारी आम्ही ड्युसेलडॉर्फमध्ये एका डीलरकडे जीटी बघत उभे होतो. नुसती बघायची, या अटीवर मी आले होते. सेल्समननं इंजिन चालू केलं आणि माझ्या पोटात गडगडलं. नवऱ्याच्या तोंडावर मात्र असा काही आनंद पसरला की मी चकितच झाले. आमच्या लग्नाच्या फोटोतही तो इतका खूश दिसत नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

आयफेलच्या आजी होत्या. "कुठे आहात तुम्ही? कॉफी गार होतेय. सकाळी एकजण गाडी न्यायला आला होता, त्याला मी परत पाठवलं. तुम्ही येतो म्हणाला होतात ना!"

वीर कोमन! म्हणजे आम्ही येतो! आपल्याकडे दारातून निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही, म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते. जाणारा 'येतो'च म्हणतो. या पठ्ठ्यानं ते जसंच्या तसं जर्मनमध्ये केलं होतं आणि वर शनिवारही कबूल करून टाकला होता. शनिवारपर्यंत काय ते कळवा, असं आजी म्हणताहेत असं त्याला वाटलं होतं म्हणे! आणि या देशात बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"अरे, तू काय बोलून बसलास कळतंय का तुला?" मी ओरडलेच. सेल्समन बिचारा मागे सरकला.

आम्ही तसेच आमच्या छोट्या गाडीनं आयफेल गाठलं. गॅरेजसमोर उतरलो आणि मी कपाळावर हात मारला. मस्टँगच्या नंबरप्लेटच नव्हत्या. आमच्या शब्दावर विसंबून आजींनी गाडीची नोंदणीसुद्धा रद्द करून टाकली होती. आत टेबलावर केक आणि तीन बशा मांडलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्यानं खालमानेनं सगळं सांगितलं. आमच्या भाषेत निघताना असंच म्हणतात, हेही सांगितलं. आता या चिडणार, असं मी धरून चालले होते. आजींनी एवढंच विचारलं, "मग आज होतात कुठे?"

"जीटी बघायला," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नाही.

आजी उठून गॅरेजमध्ये गेल्या. परत आल्या आणि एक लहानसं प्लास्टिकचं पाकीट त्यांनी केकशेजारी ठेवलं. आत जीटी ही दोन अक्षरं होती, गाडीवर लावायची, नवीकोरी. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

"तो गेल्यावर गाडीच्या कप्प्यात सापडलं," त्या म्हणाल्या. "त्याला जीटीच हवी होती. मी म्हटलं, आपल्याला सहा सिलिंडर पुरेत. तो म्हणाला, पास्ट शोन." म्हणजे आपलं 'चालेल'. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला वाटायचं, त्याला खरंच चाललं."

ती अक्षरं त्या माणसानं विकत घेतली आणि लावायची हिंमत केली नाही. कुणाच्या भीतीनं? माझ्यासमोर केक कापणाऱ्या या साध्या बाईच्या?

नवऱ्यानं घसा साफ केला. "हीच घेऊ आपण," तो मला म्हणाला. "चालेल की."

हा सूर माझ्या रोजच्या ओळखीचा होता. आखन चालेल. हा फ्लॅट चालेल. सुट्टीत तुझ्या माहेरी, चालेल. एकच मूल पुरे, चालेल. ते सगळे मी होकार म्हणूनच ऐकले होते.

"तुला ही गाडी हवीय का?" मी आजींसमोरच मराठीत विचारलं. "खरं सांग."

तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "नाही."

आजींना मराठीचा गंध नव्हता, पण त्याचं तोंड बघून त्यांना कळलं. त्या उठल्या, सकाळच्या माणसाला फोन लावला, आणि तो संध्याकाळी येतोय असं सांगून त्यांनी माझ्या बशीत केक वाढला. मी बशी बाजूला सरकवली.

"आणि बाकीचं?" मी नवऱ्याला विचारलं. "बाकी ज्याला ज्याला चालेल म्हणालास, ते?"

त्यानं चमचा खाली ठेवला.

"एकेक करून सांगतो," तो म्हणाला.