तांडेलाच्या मापाची गाडी

ज्या खेळात पाय जमिनीला टेकला की गुण जातो, तो खेळ मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतला. बायको म्हणाली, "जमिनीवर पाय ठेवून चालायचं वय झालं, आणि तुम्ही ते उचलायला निघालात!"

ट्रायल्स म्हणतात या खेळाला. यात वेग नाही, शर्यत नाही. दगडांवरून, ओंडक्यांवरून मोटरसायकल उभ्याउभ्या, माणसाच्या चालीने न्यायची. त्यासाठीच्या खास गाड्या आपल्या आवाक्यातल्या नव्हेत. माझ्याकडे होती ती लग्नाआधी घेतलेली, मातीच्या वाटांवर फिरायची जुनी ट्रेल मोटरसायकल. गिरीज गावातल्या आमच्या वाडीत, केळी पिकवायच्या खोलीत, ती कित्येक वर्षं पोत्यांखाली पडून होती.

तिचं रूपांतर करायचं ठरलं ते मित्राच्या भरवशावर. हा माझा शाळेपासूनचा एका बाकावरचा मित्र, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात सोन्याचे, जीभ तिखट, उंचीने माझ्याहून वीतभर जास्त. ठरलं असं की गाडी माझी, कारागिरी त्याची, आणि चालवणार मी. हिवाळ्यात पूर्वेच्या डोंगरापाशी एका बंद दगडखाणीत हौशी लोकांची छोटी स्पर्धा होती. तिथला एक तरी टप्पा पाय न टेकता पार करायचा, एवढंच माझं स्वप्न. हसू नका. शाळेत कबड्डीच्या वेळी मला इतरांच्या चपला राखायला बसवत असत.

दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपून मी घरी येईपर्यंत तो खोलीत हजर असे. आम्ही दिवा, आरसे, लांबलचक सीट सगळं उतरवलं. मागचा सांगाडा कापून आखूड केला. मागचं स्प्रॉकेट, साखळीचं दातेरी चाक, मोठं बसवलं, म्हणजे गाडी रांगण्याइतकी हळू चालावी. मऊ टायर घालून त्यात हवा नावापुरती ठेवली. सीटच्या जागी त्याने बोटीला लावतात त्या फायबरची पातळ पट्टी ओतली, आणि ती इतकी सुबक झाली की मी दोन दिवस तिच्यावर हात फिरवत होतो.

मग माप घ्यायची वेळ आली. या खेळात गाडीवर उभंच राहायचं असतं, म्हणून फूटरेस्ट कुठे आणि हँडल किती उंच, यावर सगळं. तो गाडीवर चढला, गुडघे वाकवले, कोपरं पसरली, आणि खडूने खुणा केल्या. म्हणाला, "आमच्यात होडीचं सुकानू तांडेलाच्या कमरेच्या मापानं बसवतात. कोनी पन धरावं असं सुकानू नसतं." तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला ऐकवलं. इथे तांडेल कोण, हे मात्र विचारायचं मला सुचलं नाही.

त्याने फूटरेस्ट खाली आणि मागे सरकवले. हँडलखाली दोन बोटं जाडीचे ठोकळे घातले. आणि मी पडू लागलो.

विहिरीपासून केळीपर्यंत आमचा जुना दगडी पाट जातो. तो आडवा ओलांडायचा, एवढाच सराव. मित्र नारळाच्या ओंडक्यावर बसून मोठ्याने मोजायचा, "एक... दोन... अरे, किती टेकशील?" माझं बोट क्लचपर्यंत पोचत नसे, हात ताणले जात, तोल जाई. एकदा भीतभीत म्हटलं, हँडल जरा उंच वाटतंय रे. तर म्हणतो, "नाचता येईना अंगन वाकडं!" मीही हसलो. त्याच्यासमोर मी नेहमी हसतो, हीच तर बोंब आहे.

तीन महिने मी पाय टेकत राहिलो. तीन महिने स्वतःला नालायक समजत राहिलो. पहाटे अंगणात एका पायावर उभा राहून तोल साधायचो. मी पडलो की तो गाडी उचलायचा आणि "बघ, असं" म्हणून पाट सहज ओलांडून दाखवायचा. मी टाळ्या वाजवायचो.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पोतून गाडी खाणीत नेली. फॉर्म त्याने भरला होता. यादी वाचली गेली आणि माझ्या गाडीपुढे त्याचं नाव आलं. मला वाटलं चूक झाली, सांगायला निघालो, तर त्याने दंड धरला. "तू पाय टेकशील रे सारखा. एवढी मेहनतीची गाडी, तिची लाज जाईल."

मी तिथेच उभा राहिलो. तो गाडीवर चढला, आणि पहिल्यांदाच मी नीट पाहिलं. गुडघे, कोपरं, बोटं, सगळं शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखं बसलं होतं. उंच हँडल, मागचे फूटरेस्ट, लांबचा क्लच. अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं करणारा समोर उभा होता. त्याने तीन टप्पे पाय न टेकता काढले. लोक ओरडत होते. माझ्या हातात त्याचं जाकीट होतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परतताना टेम्पोत मी विचारलं, "पहिल्या दिवसापासून?" तो बाहेर बघू लागला. मग म्हणाला, "मागितली असती तर दिली असतीस?"

पुढच्या रविवारी तो आला नाही. मी एकट्याने ठोकळे काढले, क्लच जवळ घेतला, फूटरेस्ट पुढे आणून माझ्या कमरेच्या मापाने बसवले. संध्याकाळ झाली. गाडी चालू केली, पाटापाशी आलो, श्वास रोखला, आणि पुढचं चाक, मग मागचं चाक, दगडावरून पलीकडे उतरलं. पाय टेकला नाही. एकदाही नाही.

सवयीने मागे वळून पाहिलं. ओंडका रिकामा होता.

दिली असती रे. मागायची तरी होतीस.